बचतगटाची पाटी आणि ठेकेदाराचा काटा

आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही आमच्या वऱ्हाडांत आतां नुसती म्हण राहिली नाहीं. ती सार्वजनिक खरेदीची वहिवाट होऊन बसली आहे. वाशिम जिल्ह्यांत, रिसोडापासून मानोऱ्यापर्यंत, सोयाबीनच्या ओळींत तूर उभी असते आणि रब्बींत हरभरा असतो. ही तूर बाजार समितीच्या ओट्यावर पडते, अडत्या मूठभर उचलतो, तोंड वांकडें करतो, आणि ती अकोल्याच्या नाहीं तर लातूरच्या दाल मिलची वाट धरते. इकडे त्याच तालुक्यांतली शाळा, अंगणवाडी, आश्रमशाळा, वसतिगृह आणि दवाखाना वर्षभर डाळ विकत घेत असतात. पिकविणारा येथें, खाणारा येथें. डाळ मात्र दूरचा फेरा करून, चार शिक्के आणि चार नफे अंगावर घेऊन ताटांत पडते. सरकारनें 2018 सालीं या जिल्ह्याला 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादींत बसविलें. मागासलेला म्हणावयास जीभ कचरली असावी. नांव गोड आहे. परंतु आकांक्षा कोणाची आणि नफा कोणाचा, हें विचारल्यावांचून आम्ही राहणार नाहीं.

मोठ्या गिऱ्हाइकाला काय हवें तें ओळखून बाजार उभा करण्याची विद्या आमच्या जिल्ह्याला नवी आहे काय ? हिंदुस्थानांतला पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याचें नांव घेतात तो आमच्या कारंजाचा. 1886 सालीं हैद्राबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें तेथें कापसाचा बाजार बसला आणि 1897 सालीं वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हें सारें कोणाच्या कळवळ्यानें ? शेतकऱ्याच्या म्हणाल तर फसाल. विलायतेच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वेळेवर आणि बेताच्या भावांत पाहिजे होता. घेणारा सात समुद्रांपलीकडे, पण त्याची गरज एवढी जबर कीं तिच्यासाठीं कायदा झाला, काटा बसला, पुढें मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडीसुद्धां धांवली. बाजाराच्या समितींत मात्र भरणा व्यापाऱ्यांचा ! कापूस ज्यानें पिकविला त्याला तेथें खुर्ची मिळेना. 1928 सालच्या रॉयल कृषि आयोगाच्याही ही उणीव डोळ्यांत भरली. एकशेंचाळीस वर्षें होत आलीं. गोऱ्या गिरणीवाल्याच्या जागीं सरकारी भांडार आलें, कापसाच्या जागीं डाळ आली. पिकविणाऱ्याची जागा तीच, दाराबाहेर.

या दाराला कडी कोणी लावली तें पाहूं. 2004 सालीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिला कीं अंगणवाडीच्या आहाराच्या पुरवठ्याला ठेकेदार नकोत. तें काम शक्यतों गांवच्या समूहांकडून, बचतगटांकडून, महिला मंडळांकडून करून घ्यावें. हुकूम ऐकून ठेकेदार घाबरला असेल असें वाचकांस वाटतें काय ? छे ! त्यानें लुगडें नेसलें. आमच्या महाराष्ट्रांत महिला मंडळांच्या पाट्यांमागें खासगी कंपन्या उभ्या आहेत, असा अहवाल त्याच न्यायालयाच्या आयुक्तांना 2012 सालीं द्यावा लागला. पुढें 2016 सालीं राज्यानें घरीं न्यावयाच्या आहाराची जी निविदा काढली तिच्या अटी अशा कीं खरा लहान गट उंबऱ्यावरच ठेंचाळावा. शेवटीं बचतगटच न्यायालयांत गेले आणि 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती निविदा रद्द केली. शाबास त्या भगिनींची ! खुर्चीवरच्या शहाण्यांना जें दिसलें नाहीं तें चुलीपुढच्या बायांनीं न्यायासनाला दाखविलें.

पण निविदा रद्द होणें निराळें आणि आपली डाळ विकली जाणें निराळें. पाटी भाड्यानें देणारे गट आमच्यांतही आहेत, हें झांकून काय उपयोग ? एखादा गृहस्थ मोटारींतून उतरतो, "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी सारें आम्ही पाहतों" असें म्हणतो, आणि वर्षाला थोडेसे रुपये हातावर ठेवून गटाचा शिक्का खिशांत घालून जातो. बायांना कोणता माल कोठून आला, कोणत्या भावानें गेला, कांहीं ठाऊक नाहीं. उद्यां डाळींत अळी निघाली तर नोटीस मात्र अध्यक्षबाईच्या नांवानें येणार ! भगिनींनो, शिक्का ही गहाण टाकण्याची वस्तु नव्हे. गळ्यांतली पोत मोडावी, पण शिक्का देऊं नये.

आतां ठेकेदाराचें मुख्य शस्त्र पाहूं. तो म्हणतो, "एवढा मोठा पुरवठा या लोकांना झेपणार नाहीं." ठीक आहे, पाटी आणा, हिशेब करूं. शाळेच्या पोषण आहारांत पहिली ते पांचवीच्या मुलाला दिवसाला 20 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 30 ग्रॅम डाळ असें प्रमाण आहे. शंभर लहान मुलांच्या शाळेला दिवसाला 2 किलो. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला 4 क्विंटल. अशा दहा शाळांना 40 क्विंटल. शंभर किलो तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते. म्हणजे पंचावन्न-साठ क्विंटल तूर झाली कीं दहा शाळांचें वर्ष निघालें. त्यांतही रोज तूरच शिजते असें नाहीं, मूग असतो, मटकी असते, म्हणून ओझें आणखी हलकें. एवढी तूर आमच्या एका लहानशा गांवांतले पांचपंचवीस शेतकरी हंसत देतील. मुलाचें पोट लहान आहे. मोठी आहे ती निविदा. शेंकडों शाळांच्या पोटांची एक मोट बांधली कीं ती ओढावयाला हत्तीच लागतो, आणि मग हत्तीवाला म्हणतो, पाहा, यांच्या शेळीला हें झेपत नाहीं !

डाळ करावी कशी, हाही प्रश्न सुटलेला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें गांवांत चालेल अशी लहान दाल मिल तयार करून कैक वर्षें झालीं. 2020 सालीं सुरू झालेल्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेंत यंत्राला 35 टक्के अनुदानही ठेवलें होतें. अनुदानाचें यंत्र आणावयाचें, नारळ फोडावयाचा, पुढाऱ्याबरोबर फोटो काढावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं त्यावर ताडपत्री घालावयाची, असा एक नवा संस्कार गांवोगांव सुरू झाला आहे. ताडपत्री काढा हो. यंत्र गिऱ्हाइकावांचून चालत नाहीं, हें आम्हांसही समजतें. म्हणूनच गिऱ्हाइकाकडे जावें कसें तें सांगतों.

आमचा शेतकरी साहेबाच्या कचेरींत शिरतो तो हात जोडून. "साहेब, गरिबांना मदत करा." साहेब मदत करीत नाहीं, साहेब अर्जावर शेरा मारतो आणि अर्ज शिपायाच्या बस्त्यांत जातो. ठेकेदाराचा माणूस त्याच कचेरींत खुर्ची ओढून बसतो, कां कीं तो विकावयाला आलेला असतो. विकणाऱ्यानें मागणाऱ्याचा वेष कां घ्यावा ? घेणाऱ्याच्या मनांत तीन भयें असतात. माल प्रत्येक वेळीं सारखाच येईल काय ? ठरल्या दिवशीं येईल काय ? आणि उद्यां तपासणी आली तर आपली नोकरी वांचेल काय ? गरिबीचें रडगाणें या तिहींपैकीं एकाचेंही उत्तर देत नाहीं.

पहिल्या भयाचें उत्तर नमुना. पण आमच्या लोकांची एक खोड आम्हांस ठाऊक आहे : पहिलें पोतें देवाचें आणि बाकीचीं भुताचीं. नमुना चाळून, निवडून, आरशासारखा न्यावयाचा आणि गाडींत मातेरें भरावयाचें. अशानें एकदां विकलें जातें, दुसऱ्यांदा दार बंद. जी डाळ रोज देतां येईल तिचाच नमुना न्या. किंचित् हलका असला तरी चालेल. त्याच्या दोन पिशव्या करा, दोन्हींवर उभयतांच्या सह्या आणि लाख करा, एक त्यांच्याजवळ ठेवा आणि एक आपल्या कपाटांत ठेवा. मग कोणी म्हणालें, "हा माल तो नव्हे," तर पिशवी बोलेल.

मोजमाप आपल्याजवळ असणें केवढें महत्त्वाचें, हें 2024 च्या हंगामांत सोयाबीनवाल्यांनीं चांगलें अनुभवलें. हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, पण ओलावा 12 टक्क्यांवर असला कीं केंद्रावरून गाडी परत. नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. तोंवर ज्यांना उधारी भागवावयाची होती त्यांनीं मिळेल त्या भावानें माल फुंकून टाकला होता. ज्या गटाजवळ ओलावा मोजण्याचें यंत्र असेल तो घरूनच मोजून, वाळवून निघेल आणि केंद्रावरच्या यंत्राशीं वादही घालूं शकेल. त्याच हंगामांत पुढें बारदान संपलें म्हणून ठिकठिकाणीं खरेदी अडली. सोन्यासारखा माल, अडला कशासाठीं, तर गोणपाटासाठीं ! म्हणून दुसऱ्या भयाचें उत्तर असें कीं बारदान, गाडी आणि कोठार यांची तजवीज आधीं आणि करारावर सही मागून.

तिसरें भय सर्वांत मोठें. त्यावर औषध कागदाचें. शेतकऱ्याला आपलें कच्चें धान्य विकावयाला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाहीं. पण तुरीची डाळ केली, पिशवींत भरली, कीं लागते. तेथें चालढकल करूं नका. प्रयोगशाळेचा दाखला, गटाच्या नांवाचें बँक खातें, छापील बिल, आणि कोणत्या तारखेला कोणाच्या शेतांतली तूर कोणत्या पोत्यांत भरली याची वही, एवढें घेऊन जो जाईल त्याला साहेब खुर्ची देईल; न दिली तर स्वतः ओढून घ्यावी. केंद्र सरकारच्या खात्यांसाठीं 2016 पासून संगणकावरचा बाजार आहे. तेथें गटांतल्या शिकलेल्या सुनेनें नांव नोंदवावें. दहावी-बारावी झालेल्या पोरीला नुसत्या भाकरी थापावयाला लावून बाहेरच्या माणसाला कागद भरण्याचे पैसे देणें, हा कोठला व्यवहार ?

भाव सांगतांना निवड, घट, बारदान, हमाली, गाडीभाडें धरा आणि पैसे मिळेपर्यंतचें व्याजही धरा. सरकारी बिल उशिरानें निघतें, या एका गोष्टीवर कैक गट बुडाले आहेत. दाल मिलवाल्या गटानें लघुउद्योग म्हणून नोंद केली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानें घेणाऱ्याला करार कांहींही असला तरी 45 दिवसांच्या आंत पैसे द्यावे लागतात. चुकल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेंही चक्रवाढ. हें कलम किती गटांना ठाऊक आहे ? सावकाराचें चक्रवाढ आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. आपल्या बाजूचें चक्रवाढ मात्र कोणी पढविलें नाहीं!

कोणी सोवळा हितचिंतक म्हणेल कीं ठेके घेणें, बोली लावणें हें कुणब्यामाळ्यांचें काम नव्हे. त्यांना आठवण देतों कीं जोतीराव फुले हे पुणें कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनीं माल पुरविला. शाळा काढणारा माणूस बिलेंही लिहीत होता.

आतां सरकारला दोन शब्द. ब्राझील देशानें 2009 सालीं कायदा केला कीं शाळेच्या जेवणासाठीं केंद्राकडून येणाऱ्या पैशांतले निदान 30 टक्के शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाले पाहिजेत, आणि ही खरेदी मोठ्या निविदेवांचून, जाहीर हांक देऊन करतां येईल. तेथें हत्तीची गरज पडली नाहीं. आमच्या शिक्षण खात्यानें शेजारच्या शाळांची 'केंद्रें' आधींच पाडून ठेविलीं आहेत. डाळीची खरेदी त्या मापानें कां काढूं नये? मागील वर्षांच्या लाखों रुपयांच्या उलाढालीची अट कशाला ? ज्यानें आजवर विकूंच दिलें नाहीं त्यानें उलाढाल कोठून आणावी ? सूचना मराठींत लिहा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पंधरा दिवस लावा. आणि ज्या गटाच्या नांवावर ठेका असेल त्याची गिरणी पाहावयाला अधिकाऱ्यानें स्वतः जावें; तिच्या विजेचें बिल मागावें. चाळीस क्विंटल डाळ भरडली असेल तर मीटर फिरलेलाच असतो, आणि फिरला नसेल तर पाटीमागें कोण उभा आहे हें विचारावयाला दुसरी चौकशी नको.

ग्रामसभांनीं याबद्दल करावयाच्या ठरावाचा मसुदा आम्ही पुढील अंकीं छापीत आहों. वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील वाचकांनीं तो कापून ठेवावा, ठराव झाल्यावर त्याची एक नक्कल जिल्हा परिषदेकडे पाठवावी आणि पोंचपावती घेण्यास विसरूं नये.