माळ पडीक नसतो

पाऊस स्थिरावला की वनमहोत्सवाची लगबग सुरू होते. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली हा उपक्रम देशभर रुजविला, त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु उदात्त हेतूलाही स्थळाचे भान लागते. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळांवर खड्ड्यांच्या रांगा खणल्या जातात, तेव्हा उजाड भूमी हिरवी करण्याच्या नावाखाली एक नांदती सृष्टीच उखडली जाते, हे आम्हांस आज स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे.

माळ म्हणजे तुटून गेलेले अरण्य, हा समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. वास्तविक सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस तुटपुंजा आणि अनेक ठिकाणी मातीचा थरही उथळ. तेथे निसर्गाने वृक्षांऐवजी गवताची योजना केली. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी यांचे ठोंब उन्हाळ्यात वाळून करडे पडतात. परंतु पाते वाळले तरी मूळ जिवंत असते, आणि पहिल्या सरींबरोबर त्याच ठोंबातून नवा कोंब वर येतो. हीच मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरवितात आणि हवेतील कार्बन जमिनीत साठवितात. या गवतावर काळवीट आणि चिंकारा चरतात, लांडगा वावरतो, धाविक आणि चंडोल घरटी करतात. फलटण-बारामतीकडील धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, ते याच चाऱ्याच्या भरवशावर.

मग या भूमीवर संकट आले कोठून? आमच्या मते त्याचे मूळ एका शब्दात आहे: ‘पडीक’. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि निकृष्ट झालेली कुरणे यांची गणना होते. एकदा दप्तरात हा शिक्का बसला, की त्या जमिनीचे काहीही करणे ही सुधारणाच ठरते. २०१९ साली राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. एवढा आकडा गाठावयाचा तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हटली की दृष्टी माळाकडेच वळते. गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे तेथे दाटली, की सावलीत गवत खुरटते आणि उघड्या भूमीवर जगणारे पक्षी जागा सोडतात. उरलेल्या माळांवर कारखाने, भूखंड आणि सौरपट्टे यांचा डोळा आहेच.

माळढोकाची कथा याच चालीची आहे. त्याच्यासाठी राज्याने १९७९ साली अभयारण्य केले. आज तेथे तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि देशाच्या रानांत उरलेल्या अदमासे दीडशे पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. पक्ष्याला कायद्याचे कवच मिळाले. ज्या गवतात तो उघड्या जमिनीवर एकुलते अंडे घालतो, ते गवत मात्र पडीकच राहिले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या सपाट मैदानांवर आपल्या मारवेलाच्याच प्रजातीतील गवते वाढतात. नांगराखाली जाऊन ती आक्रसली, तेव्हा तेथील १९९९ च्या संघीय कायद्यान्वये त्या गवताळ प्रदेशांनाच संकटग्रस्त ठरविण्यात आले. तेथे गवताला जे स्थान मिळते ते येथे का मिळू नये?

वीज नको, उद्योग नकोत, झाडे नकोत असे आम्ही म्हणत नाही. सूर्यशक्तीची गरज निर्विवाद आहे. पण तिच्यासाठी कारखान्यांची छपरे आणि खरोखरीच निकामी झालेली जमीन आधी पाहावी. सरकारने नैसर्गिक गवताळ प्रदेशांची पडीक जमिनीपासून वेगळी नोंद करावी. माळावर लागवड वा प्रकल्प योजण्यापूर्वी तेथील गवताची आणि प्राण्यांची पाहणी सक्तीची करावी. आणि गायरानाचा निर्णय करताना तेथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्यांना विचारावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. त्यानिमित्त भाषणे होतील. दप्तरातील एक शब्द बदलला, तर ते अधिक मोलाचे ठरेल.

शहरातील सुजाण नागरिकांनाही आमची एक विनंती आहे. रविवारी रोप घेऊन निघण्यापूर्वी, आपण जेथे खड्डा खणणार तेथे आज काय उगवले आहे, एवढे वाकून पाहावे. लावलेले झाड पुन्हा लावता येते. शतकानुशतके जमलेला माळ एकदा मोडला की तो कोणत्याही महोत्सवाने परत येत नाही.