दहा दिवसांत किती देश?

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक करपा, तुडतुडे आणि पीककर्ज यांविषयी असतात. या आठवड्यात मात्र नवी मुंबईतील उलव्याकडच्या एका तरुण वाचकाने निराळाच प्रश्न पाठवला आहे. त्याचे आजोळ विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी. वडिलांकडे अजून थोडे भात आहे. तो, त्याची बी.एस्सी.ला असलेली बहीण आणि दोन मावसभाऊ अशा चौघांनी पाठीला पिशव्या लावून नेपाळ आणि भूतान असे दोन्ही देश करायचे ठरवले आहे. दिवस दहा, आणि मुख्य हौस जंगलातून पायी फिरण्याची. बाबा म्हणतात, भात झोडून झाल्याशिवाय कुणी घर सोडायचे नाही. आई म्हणते, मुलीला जंगलात पाठवायचे नाही. "साहेब, तुम्ही दोघांना समजावून सांगा," असे पत्राच्या शेवटी आहे.

समजवायचे कुणाला ते पुढे पाहू. बाबांचे म्हणणे आधी घेतो, कारण ते बरोबर आहे.

आपल्याकडे हळवे भात दिवाळीच्या आत निघते, गरवे नोव्हेंबरपर्यंत जाते. झोडणी झाली की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरून घ्यायचा. ओल उडाली की वाल उगवत नाही, आणि पोरे नेपाळात आहेत म्हणून ओल थांबत नाही. तेव्हा वाल पेरून मगच निघा. यात तुमचाही फायदा आहे. दिवाळी ते छठ या दिवसांत मुंबईहून गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. छठ आटोपली की गर्दी ओसरते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर उत्तरेत धुके पडते आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. म्हणजे छठ संपल्यापासून धुके पडेपर्यंतचे तीनेक आठवडे तुमचे. रेल्वेचे आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडते, तेव्हा तिकिटाचा विचार भात पोटरीत असतानाच करावा लागेल.

आता दोन देशांचा हिशेब. पनवेलहून गोरखपूरला थेट गाडी आहे, कुर्ल्याहूनही आहेत. दीड दिवस तरी जातो. गोरखपूरहून बसने सोनौलीची सरहद्द, ती पायी ओलांडायची, आणि पलीकडे भैरहव्याहून बसने चितवनच्या बाजूला सौराहा. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. उरले चार. भूतानला जायचे तर चितवनपासून नेपाळचा सगळा पूर्व भाग बसने ओलांडून काकडभिट्टा, तिथून सिलिगुडी, मग जयगाव आणि पलीकडे फुन्शोलिंग. यात दोन दिवस नुसते बसमध्ये जातील. शिवाय भूतान सरकार भारतीय पाहुण्यांकडून माणशी प्रत्येक रात्रीला बाराशे रुपये शुल्क घेते. चौघांचे पाच रात्रींचे चोवीस हजार झाले, जेवण आणि मुक्काम वेगळा. माझे स्पष्ट मत असे की या खेपेला भूतान सोडा. एका एकरात दोन पिके बसतात, पण दोन्हींना दिवस लागतात. सहा दिवस बसच्या खिडकीतून जंगल बघण्यापेक्षा चार दिवस त्यात चालावे.

कागदपत्रांत आळस नको. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ प्रत जवळ हवे. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. धाकटा मावसभाऊ अठराचा झालेला नाही असे पत्रात आहे. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील ओळखपत्र चालते. ते ऐन वेळी मिळत नाही, आजच अर्ज द्या. पैशाचे म्हणाल तर आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. मोठ्या नोटांविषयीचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्याच नोटा न्या. शहरातल्या काही दुकानांत आपले यूपीआय चालते, पण जंगलकाठच्या गावात त्याच्या भरवशावर राहू नका.

आता चितवनच का? नेपाळच्या दक्षिणेला तराईचा सखल पट्टा आहे. १९५० पर्यंत तिथे मलेरियाचा असा जोर होता की बाहेरचा माणूस पावसाळ्यात टिकत नसे. थारू लोक तेवढे पिढ्यान् पिढ्या राहून भात पिकवत. पुढे डीडीटी फवारून मलेरिया हटवला, तशी डोंगरातली माणसे खाली उतरली, जंगल तोडून शेते झाली. एकशिंगी गेंडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस शंभराच्या आसपास उरले. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, राखणीला लष्कर आले. २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४ गेंडे भरले, आणि २०२२ मध्ये १२८ वाघ.

ही झाली पाटीवरची माहिती. मुलांनो, तुम्ही पाटीच्या मागचेही बघावे असे मला वाटते. गेंडे वाढले तेव्हा माणसे हलली. उद्यानाच्या आतले पदमपूर हे गाव टप्प्याटप्प्याने उठवून दुसरीकडे वसवले. गाव उठणे म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२५ ला ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्यासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावे हलली. त्यांतल्या काही खाचरांत मी चारसूत्री भाताची प्रात्यक्षिके घेतलेली आहेत. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, विहीर कुठे होती, देव कुठे नेला, हे विचारा. तुमच्या आजोबांना सांगायला काही मिळेल.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. नेपाळने १९९३ मध्ये कायदा दुरुस्त केला. त्याप्रमाणे उद्यानाच्या उत्पन्नातील तीस ते पन्नास टक्के रक्कम भोवतालच्या गावांच्या कामासाठी द्यायची असते. गावांनी राखलेली सामुदायिक वनेही आहेत. सौराहाजवळचे बाघमारा हे त्यांतले एक. गुरांनी उजाड केलेल्या जागेवर लोकांनी झाडे वाढवली, आता तिथे गेंडे येतात आणि पाहुण्यांकडून मिळणारा पैसा गावात राहतो. म्हणून सगळे गोड आहे असे नव्हे. गेंडा रात्री भातात शिरला की सकाळी नांगरटच झालेली दिसते. मचाणावर जागरण, तारेचे कुंपण, भरपाईचे अर्ज, हे सारे तिथेही आहे. काही शेतकऱ्यांनी तेलासाठी पुदिन्याची एक जात लावायला घेतली, कारण जनावर तिला तोंड लावत नाही. आपल्याकडे रानडुकरांनी बेजार झालेल्यांनी ही गोष्ट कानामागे टाकू नये, पण तेल काढायची सोय आणि गिऱ्हाईक पाहिल्यावाचून लावूही नये.

शेतेही बघा. तराईत उभ्या भातात कापणीआधीच मसूर फेकून पेरतात. आपल्या विदर्भात लाखोळी अशीच टाकतात, तिला उतेरा म्हणतात. ओलीचा हिशेब वालासारखाच, फक्त पंधरा दिवस आधीचा. थारूंच्या घरी राहायची सोय होते. तिथेच राहा, हॉटेल नको. तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी मिळेल. खाताना मोदकाच्या उकडीची आठवण यावी. गोगलगायींची आमटीही पुढे येईल, ती ज्याची त्याने ठरवावी.

आता आईंचे म्हणणे. आई, तुमची काळजी रास्त आहे, पण ती मुलीपुरती नको, चौघांचीही करा. गेंड्याला मुलगा-मुलगी कळत नाही. चितवनमध्ये वाटाड्यांशिवाय पायी जंगलात शिरता येत नाही. परवानाधारक दोघे बरोबर घ्यावे लागतात, एक पुढे आणि एक मागे. पैसे वाचवायला एकावर भागवू म्हणणारा भेटला तर त्याला रामराम करा. भडक लाल-पांढरे कपडे नकोत, अत्तर नको, गप्पा तर नकोतच. गेंड्याची नजर अधू असते, पण कान आणि नाक तिखट. दोन टनांचे हे धूड माणसापेक्षा जोरात पळते. तो धावून आला तर जाड झाडाच्या आड व्हायचे किंवा झाडावर चढायचे, आणि पळावेच लागले तर वळणे घेत. अस्वल दिसले तर सगळ्यांनी एकत्र उभे राहायचे. वाघापुढे पळायचे नाही, त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरायचे. शेतात डुकरामागे काठी घेऊन धावायची सवय तिथे मोडायची. हे सगळे ऐकणारी मुलगी न ऐकणाऱ्या मुलापेक्षा सुखरूप परत येते. तिला पाठवा. थारूंच्या घरात बायकामाणसांत ती राहील, आणि त्यांच्याशी भावांपेक्षा जास्त बोलेल.

नोव्हेंबरात तिथले गवत माणसापेक्षा उंच असते, त्यामुळे जनावर जवळ असूनही दिसत नाही हे ध्यानात ठेवा. गवत कापून-जाळून झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जास्त दिसते. पण तेव्हा तुमचा वाल काढणीला येतो. दोन्ही हातात येत नाही.

निघण्यापूर्वी निदान चार रविवार कर्नाळ्याला चढा. हे अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. पिशवी पाण्यासकट सात-आठ किलोंवर जाऊ देऊ नका, आणि ती भरूनच चढा. बूट नवे घ्यायचे तर आताच घेऊन घासून घ्या, प्रवासात नवा बूट घालू नये. मच्छरदाणी, डास हटवायचे मलम, साखर-मिठाची पाकिटे, विजेरी, पूर्ण बाह्यांचे दोन सदरे एवढे पुरे. तिथली सकाळ आपल्याला गार वाटेल, एक स्वेटर असू द्या.

शेवटची गोष्ट माझ्या खात्याची आहे, आणि तीत सूट नाही. तिकडचे भाताचे सुंदर बियाणे, कुणी प्रेमाने दिलेले रोप, मुळासकट उपटलेले फूल, काहीही पिशवीत घालून आणायचे नाही. परदेशातून असे आणण्याला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने बंधने आहेत. नुसता कायद्याचा प्रश्न नाही. आपल्या बांधांवरचे गाजर गवत परदेशी धान्यातून आले असे मानतात, आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आले. आज ते कुठे नाही ते सांगा. चितवनमध्येही मिकानिया नावाची परदेशी वेल झाडांवर पसरून गेंड्यांचा चारा गिळते आहे, वाटाडे ती दाखवतील. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि २०१९ मध्ये नेपाळात. तिने ओळखपत्र दाखवले नव्हते. तेव्हा सोनौलीला परत येण्याआधी बुटांच्या तळव्यांचा चिखल खरवडून काढा, सदऱ्याला चिकटलेली कुसळे वेचून तिकडेच टाका, आणि घरी आल्यावर ते बूट धुतल्याशिवाय वालात घालू नका.

पुढील आठवड्यात आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे.