आधी वही, मग पाना

पिकअप हे घरातलं कमावतं माणूस असतं. भाजी, दूध, फर्निचर, मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं ती मारते आणि त्यावर मुलांची फी, घराचा हप्ता निघतो. म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या पिकअपचं ॲव्हरेज घसरलं की त्याची झळ थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. खेपा तेवढ्याच, भाडं तेवढंच, पण महिनाअखेर हातात कमी उरतं.

हिशेब करून बघा. समजा, तुमची गाडी महिन्याला 3000 किलोमीटर धावते. पूर्वी ती लिटरला 14 किलोमीटर द्यायची, आता 12 देते. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ 36 लिटर डिझेल जास्त जळतं. लिटरला 90 रुपये धरले तर महिन्याला 3200 आणि वर्षाला साडेअडतीस हजार रुपये होतात. ऐकायला दोनच किलोमीटरचा फरक, पण केवढ्याला पडतो!

अशा वेळी सल्ला देणारे खूप भेटतात. कुणी म्हणतं, इंजिनचं काम काढा. कुणी म्हणतं, विकून टाका. यातलं काहीही ठरवण्याआधी फुकटच्या तपासण्या करा, मग स्वस्त आणि सर्वांत शेवटी महागड्या. हा क्रम पाळलात तर बरेच पैसे वाचतील.

वही घाला

टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून थोडं थोडं भरू नका. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करा. मधल्या काळात गाडी जितके किलोमीटर धावली त्याला आता भरलेल्या लिटरने भागा. हे तुमचं खरं ॲव्हरेज. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, किमान तीन टाक्यांची सरासरी घ्या. शेजारी माल किती होता आणि रस्ता कोणता होता, तेही लिहा. भरल्या गाडीने घाट चढणं आणि रिकाम्या गाडीने हायवेवरून परतणं यांची तुलना होत नाही.

नोंद रुपयांत नको, लिटरमध्ये हवी. डिझेल जीएसटीत येत नाही, प्रत्येक राज्य त्यावर आपापला व्हॅट लावतं. बेळगावहून कोल्हापूरला किंवा इंदूरहून जळगावला माल नेणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे. 'दोन हजारांचं टाकलं, तरी पुरलं नाही' यावरून गाडीची तब्येत कळत नाही.

घराचा हिशेब ज्यांच्याकडे आहे त्यांनीच ही वही सांभाळावी. गाडी चालवणाऱ्याने पंपावरून मीटरचा आणि बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की काम झालं.

मीटर आणि पंप

आता मीटर खरं बोलतं का, ते बघा. मोबाइलचा नकाशा लावून 20 किलोमीटर जा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर चाकाचे फेरे कमी होतात आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतं. गाडी ठीक असूनही ॲव्हरेज कमी दिसतं.

पंपावर संशय असेल तर नुसता वाद घालू नका. पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि त्याने मोजून दाखवा, असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

अचानक घसरलं की हळूहळू?

ॲव्हरेज एका आठवड्यात पडलं असेल तर एखादी गोष्ट बिघडली आहे, असं समजा. कुठेतरी गळती आहे, ब्रेक धरतोय किंवा एखादा पाइप फाटलाय. वर्षभरात थोडं थोडं कमी झालं असेल तर ती झीज किंवा साचलेला कचरा असतो. वहीत जुन्या नोंदी असतील तर हा फरक लगेच दिसतो.

फुकटच्या तपासण्या

हवा: टायर थंड असताना तपासा. दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे आकडे दिलेले असतात. हवा कमी असेल तर गाडी जड चालते आणि टायरच्या कडा लवकर झिजतात.

ब्रेक: सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही चाकांच्या जवळ हात न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग गेलंय. यात डिझेल तर जातंच, पण तापलेला ब्रेक उतारावर दगा देऊ शकतो. हे काम पुढे ढकलू नका.

गळती: रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग दिसले किंवा डिझेलचा वास आला तर पाइप, फिल्टरचे जोड आणि टाकीचं झाकण बघा.

क्लच: वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय.

वजन आणि वारा: हौद्यात कायम पडून असलेले लोखंडी पाइप, जुने जॅक, जादा साखळ्या उतरवा. ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री हायवेवर गाडीला मागे ओढते.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. आधी एअर फिल्टर बघा. टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप तपासा, बारीक चीर पडली तरी हवा निसटते. त्यानंतर नोझल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल, पंपाचं टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारं पाणी, यांपैकी काहीतरी आहे.

पीयूसीचा कागदही जपून ठेवा. डिझेल गाडीच्या कागदावर धुराची 'के व्हॅल्यू' असते. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना तिची मर्यादा 2.45 आणि बीएस-4 गाड्यांना 1.62 आहे. नुसतं 'पास' बघून खूश होऊ नका, मागच्या वेळचा आकडा शेजारी ठेवा. तो वाढत चालला असेल तर गाडी आजाराची आगाऊ सूचना देते आहे.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

'ॲव्हरेज देत नाही, बघा जरा' असं सांगितलंत तर मेकॅनिक अंदाजाने काम काढेल. वही दाखवा आणि क्रमाने विचारा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, अलाइनमेंट, ब्रेकचं सेटिंग. थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हेही विचारा. गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मग इंजिन हवं तितकं गरमच होत नाही आणि डिझेल जास्त पितं. बराच वेळ चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर हीच शंका घ्या.

यानंतर नोझल आणि पंपाची तपासणी. ती यंत्रावर करून घ्या, कानाने अंदाज घेऊन नाही. इंजिन उघडण्याची गोष्ट कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय मान्य करू नका.

एका वेळी शक्यतो एकच काम करा आणि एक-दोन टाक्या चालवून बघा. चार कामं एकदम केली तर गुण कशाने आला ते कळत नाही. ब्रेक आणि गळती मात्र याला अपवाद, ती कामं ताबडतोब.

चालवणाऱ्याचा पाय

मोकळ्या रस्त्यावर 50 च्या आसपास एकसारखा वेग ठेवा. माल चढवताना-उतरवताना इंजिन बंद करा. पुढे सिग्नल लाल दिसला की आधीच ॲक्सिलेटरवरून पाय काढा. मात्र डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रलवर गाडी सोडू नका. गिअरमध्ये उतरताना इंजिन वेग आवरतं आणि पाय काढलेला असल्याने डिझेलही नगण्य लागतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि भरलेल्या गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

एवढं करूनही ॲव्हरेज सुधारलं नाही, निळा धूर आहे आणि कॉम्प्रेशनही कमी आलं, तर मोठ्या कामाचा विचार जरूर करा. कामाच्या खर्चाला महिन्याच्या संभाव्य बचतीने भागा. किती महिन्यांत पैसे वसूल होतील ते कळेल. गाडी तेवढे महिने नक्की चालवणार असाल तर काम करा, नाहीतर विकायचा विचार करा. दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी ते वहीतल्या आकड्यांवरून ठरू द्या. आणि ती वही पुढच्या टाकीपासूनच सुरू करा.