भूत कशाला? गाविलगड पाहा!

मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात 1911 मध्ये एक इंग्रज बाई विषानं मेली. तिचं भूत दिसेल म्हणून आज लोक तिथं रात्र काढतात, रील टाकतात. म्हणजे एका बाईचं मरणही खोलीच्या भाड्यात धरलं!

राजेहो, थरारच पाहिजे तर आपल्या चिखलदऱ्याला जा. तिथल्या गाविलगडावर 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेशी लढताना किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे कित्येक सोबती पडले. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, वऱ्हाडाचा मोठा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

तिथं 'भूत दिसते काय?' असं नको; 'इथं कोण मेलं, काहून मेलं?' हे विचारा. भुताची भीती चेकआउटपर्यंतच टिकते. हा प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत येतो.