ओटा माझ्या मापाचा

इंझोरीच्या आमच्या घरात ओट्याचं काम निघालं. मिस्त्रींनी उंची विचारली ती यांना! रांधते मी, अन् माप दुसऱ्याचं? पदर खोचून उभी राहिले, कोपर वाकवलं, त्याखाली चार इंचांवर भिंतीला खूण केली. एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी, मध्ये सळई, स्लॅब पडला. ओली पोती टाकून सात दिवस पाणी मीच मारलं. लिंबू-चिंचेनं सिमेंट खरवडतं, म्हणून वर ग्रॅनाइट बसवला.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमची कंबर वाकून गेली बाई, कोणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, कोणी विचारायची वाट कशाला बघायची? ओटा आपला, माप आपणच सांगू या.