टॉयलेटात विडी पेटवली तर अलार्म, इंजिनाचं तेल नाकात गेलं तर काहीच नाही!

माझी भाची विमानात केबिन क्रू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, पोरीची नोकरी आहे. मागच्या महिन्यात विमान खाली यायला लागलं आणि केबिनभर घाणेरड्या मोज्यांसारखा वास सुटला. घसा जळजळला, दोन दिवस डोकं जड. तक्रार केली तर उत्तर आलं, "एसीचा वास असेल."

मंडळी, बोइंग 787 सोडलं तर जवळपास सगळ्या प्रवासी जेट विमानांत बाहेरची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात आणि थंड करून केबिनमध्ये सोडतात. सील गळलं की तेलाची वाफ त्याच वाटेने आपल्या नाकात. त्या तेलात बहुधा ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं. हे ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे आपल्या शेतातल्या कित्येक कीटकनाशकांच्या कुळातलं. मात्रा वेगळी, मान्य. पण आपण तासभर बसतो, क्रू वर्षानुवर्षं तीच हवा घेतो.

आता कोणीतरी म्हणेलच, हेपा फिल्टर असतो की! असतो. पण केबिनमध्ये पुन्हा फिरवलेल्या हवेला. तो विषाणू नि धूळ अडवतो, वाफ नाही. वरून पडणारा पिवळा मास्कसुद्धा केबिनचीच हवा मिसळून देतो.

इंग्लंडच्या क्रॅनफील्ड विद्यापीठाने 100 उड्डाणांत हवा मोजली आणि 2011 मध्ये सांगितलं, चिंतेचं कारण नाही. गंमत अशी, की त्या 100 उड्डाणांत धूर-वासाची नोंदवण्याजोगी एकही घटना घडलीच नव्हती. पूर नसताना नदी मोजायची आणि पुराची भीती नाही म्हणायचं!

ऑस्ट्रेलियात 1992 साली ब्रिस्बेनला उतरताना एका हवाई सेविकेच्या फुप्फुसात असा धूर गेला. खोकला कायमचा लागला. नुकसानभरपाईचा निकाल पक्का व्हायला 2010 उजाडलं. अठरा वर्षं! दीर्घकाळच्या आजारांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे, हेही खरं. पण मोजलंच नाही तर वाद मिटणार कसा?

787 मध्ये हवा वेगळ्या, विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने घेतात. म्हणजे मार्ग आहे. जुन्या विमानांत निदान हवा तपासणारे सेन्सर बसवा, आणि अशा प्रत्येक घटनेनंतर क्रूची रक्ततपासणी कंपनीच्या खर्चाने करा. डीजीसीएने हे सक्तीचं करावं.

तुम्हाला असा वास आला असेल तर तारीख, फ्लाइट नंबर, सीट नंबर लिहून ठेवा आणि क्रूला नोंद करायला सांगा. त्यांच्यावर ओरडू नका, तीच हवा तेही घेताहेत.