भावाला जामीनदार कोण?

आपल्या वाचक संस्थांच्या सचिवांकडून अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो आहे. ज्याच्या मुलाला मुदत ठेव मोडून बिटकॉइन घ्यायचे आहे, त्या सभासदाला काय सांगावे? क्रिप्टो तारण ठेवून कर्ज मागितले तर द्यावे का? ‘यूएसडीटी तर डॉलरला बांधलेले आहे, त्यात कसला धोका?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? कोहिनूर-बसवकल्याणपासून कमलापूर-आळंदपर्यंतच्या पट्ट्यात आपण शेतकऱ्यांच्या आणि पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेल्या त्यांच्या मुलांच्या ठेवी सांभाळतो. नुसते ‘घेऊ नका’ म्हणून त्यांचे समाधान होणार नाही. क्रिप्टोचा भाव इतका का हलतो आणि तो स्थिर करता येतो का, हे आधी आपल्याला नीट समजले पाहिजे.

हेलकावे किती मोठे आहेत ते पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होते. वर्षभरात ते १६ हजारांच्या खाली आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेले. १२ मार्च २०२० या एकाच दिवशी भाव सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला होता.

याचे पहिले कारण पुरवठ्यात आहे, आणि ते तूर पिकवणाऱ्या भागाला समजावून सांगणे सोपे आहे. २०१५ मध्ये तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पाऊसही साथीला आला आणि देशातले उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या घरात गेले. भाव खाली आला. चढा भाव माल वाढवतो आणि वाढलेला माल भाव उतरवतो. ही चक्रे शेतकऱ्याला पोळतात, पण त्यांच्यामुळेच भावाला वरची मर्यादा राहते. बिटकॉइनमध्ये हे चक्रच नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत, हे आज्ञावलीतच ठरलेले आहे. भाव चढला म्हणून संगणक वाढवले तर साधारण दर दोन आठवड्यांनी नाणी काढण्याचे गणित आपोआप अवघड होते. वर दर चार वर्षांनी नव्या नाण्यांचा वेग निम्मा होतो. एप्रिल २०२४ मध्ये व्यवहारांच्या प्रत्येक ठोकळ्यामागचे (ब्लॉकमागचे) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर आले. मागणी वाढो वा घटो, पुरवठा ठरल्या वेगानेच येतो. मागणीतला सगळा बदल मग भावालाच सोसावा लागतो.

दुसरे कारण खालच्या बाजूचे. तूर कितीही पडली तरी डाळ मिलला ती लागते आणि घरोघरी वरण शिजते. शेअर पडला तरी कंपनीचा नफा आणि लाभांश पाहून कोणीतरी हिशेब मांडतो आणि खरेदीला उतरतो. बिटकॉइनला ना उत्पन्न, ना व्याज. पुढचा ग्राहक किती देईल या अंदाजावरच त्याची किंमत उभी आहे, आणि अंदाज एका बातमीने बदलतात.

तिसरे कारण उधारीचे. परदेशी बाजारमंचांवर थोड्या अनामत रकमेवर तिच्या कित्येक पट सौदा करता येतो. भाव थोडा उतरला की अनामत अपुरी पडते आणि यंत्रणा तो सौदा बळजबरीने विकून टाकते. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्याची अनामत संपते. बाजार रात्रंदिवस चालू असतो, आणि शेअर बाजार ठरावीक घसरणीनंतर थांबतो तशी सोय इथे नाही. अलीकडे मोठ्या वित्तसंस्था उतरल्याने हेलकावे पूर्वीपेक्षा काहीसे कमी झाले आहेत. पण वरची तिन्ही कारणे जागच्या जागी आहेत.

मग हा भाव स्थिर करता येईल का? चलन स्थिर ठेवण्याचा अनुभव आपल्या भागाला आहे. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या राज्यात असताना इथे हाली शिक्का चालत असे आणि शेजारच्या सोलापुरात ब्रिटिशांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे प्रमाण इथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. ते टिकले, कारण त्यामागे एक बांधील पक्ष होता. राज्य सारा हालीत घेत असे आणि पगार हालीत देत असे. १९१८ पासून नोटाही कायद्याने निघू लागल्या आणि १९४२ मध्ये कामाला लागलेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे या चलनाची देखभाल आली. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, तरी कोणाच्या गाठीचा हाली रुपया मातीमोल झाला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच सातास सहा या प्रमाणात आला, १९५१ मध्ये हालीची नवी छपाई थांबली आणि १९५९ पर्यंत जुने चलन कायदेशीर राहिले. मूळ जामीनदार गेला तेव्हा त्याहून मोठ्या जामीनदाराने ती जबाबदारी अंगावर घेतली होती.

जामीनदार असूनही त्याची ऐपत तोकडी पडली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१६-१७ मध्ये तुरीचा हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता. उत्पादन विक्रमी निघाले, बाजार हमीभावाच्या खाली गेला आणि खरेदी केंद्रांसमोर रांगा लागल्या. हमी कागदावर होती. पण आलेला सगळा माल वेळेत उचलण्याइतका पैसा, बारदाना आणि गोदामे हाताशी नव्हती.

आता स्टेबलकॉइनकडे, म्हणजे यूएसडीटीसारख्या डॉलरला बांधलेल्या नाण्यांकडे पाहू. टेराचे यूएसटी हे नाणे एका डॉलरला बांधलेले म्हणून विकले जात होते. त्यामागे डॉलरचा साठा नव्हता. लुना नावाचे त्याच मंडळींचे दुसरे नाणे होते. यूएसटीच्या ठेवीवर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. मे २०२२ मध्ये विश्वास डळमळला आणि काही दिवसांत दोन्ही नाणी बुडाली. एकाच घरातल्या दोघांनी एकमेकांना जामीन राहावे, तसला हा प्रकार होता. असे कर्ज आपली कोणतीही संस्था मंजूर करणार नाही. यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनची गोष्ट वेगळी. त्यामागे खरा साठा होता. तरी मार्च २०२३ मध्ये त्यातले ३३० कोटी डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकल्याची बातमी आली आणि हे नाणे ८८ सेंटच्या आसपास घसरले. अमेरिकी सरकारने त्या बँकेच्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असे जाहीर केले, तेव्हा ते सावरले. सरकारशिवाय चालणारा पैसा म्हणून जी चळवळ सुरू झाली, तिच्या सर्वांत भरवशाच्या नाण्यांपैकी एकाला शेवटी सरकारनेच तारले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा नाण्यांमागे पूर्ण राखीव निधी बंधनकारक केला, तोही याच अनुभवातून आलेला धडा आहे.

म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. ठरलेल्या भावाने परत घेण्यास कायद्याने बांधलेला आणि तशी ऐपत असलेला पक्ष असेल, तर चलन स्थिर राहते. बिटकॉइनची रचनाच असा पक्ष नसावा म्हणून झाली आहे. त्याचा भाव कोणी बांधून देऊ शकणार नाही, आणि बांधलाच तर ते बिटकॉइन उरणार नाही. स्टेबलकॉइन स्थिर राहू शकते, पण त्याच्या जामीनदाराच्या ऐपतीइतकेच.

आपल्या कामापुरते यातून चार गोष्टी ठरतात. एक, क्रिप्टो तारण म्हणून स्वीकारू नये आणि संस्थेचा निधी त्यात गुंतवू नये. सोन्याच्या तारणात भाव उतरला तर नोटीस देऊन वसुलीला वेळ मिळतो. इथे एका रात्रीत तारण अपुरे पडेल. शिवाय जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना आपलेच पैसे काढता येईनात, हेही लक्षात असू द्या.

दोन, कराचा हिशेब सभासदासमोर मांडा. एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात लाख कमावले आणि दुसऱ्यात लाख गमावले, तरी ३० हजार रुपये आणि त्यावरचा उपकर भरावाच लागतो. जिथे भाव इतके हलतात तिथे हा नियम फार महागात पडतो.

तीन, ठरावीक परताव्याचे आश्वासन ऐकले की लगेच सावध करा. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा १० टक्के, तेही अठरा महिने, असे सांगितले गेले होते. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. ज्याचा उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नाही, त्यावर दरमहा ठरलेला परतावा कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

चार, ज्या तरुणाला समजून-उमजून स्वतःच्या कमाईतला, बुडाला तरी चालेल असा लहान हिस्सा लावायचा आहे, त्याला हिणवू नका. हे व्यवहार आज बेकायदा नाहीत. तो आपल्याकडे विचारायला येतो, हाच आपल्या संस्थांवरचा विश्वास आहे. रागावून परत पाठवलात तर पुढच्या वेळी तो मोबाइलवरच्या अनोळखी गटाला विचारेल.

कर्जाच्या अर्जावर आपण सर्वांत आधी जामीनदाराचा रकाना पाहतो: तो कोण आहे, त्याची ऐपत किती आहे, वेळ आली तर तो सापडेल का. हेच तीन प्रश्न प्रत्येक शाखेने येत्या सभासद मेळाव्यात क्रिप्टोबद्दल समजावून सांगावेत, आणि ठेव मोडायला आलेल्या प्रत्येकाला अर्ज हातात देण्यापूर्वी विचारावेत. दुष्काळात आणि नोटाबंदीत ज्या ठेवी आपण जपल्या, त्या न समजलेल्या हेलकाव्यांत वाहून जाऊ न देणे हे आपले आजचे काम आहे.